मोरचुदाचं सोनं

महाराजांनी गडूतून लोखंडी खिळा वर काढला आणि अंबडच्या मंगल कार्यालयातला सगळा जमाव उभा राहिला. खिळा तांबूस-सोनेरी झाला होता.

"लोखंड पालटलं! मग रक्तातली साखर पालटणार नाही? शिकलेल्यांनो, तुमचा न्यूटनसुद्धा भट्टीपुढं बसून सोनं शोधायचा, धर्मग्रंथातून जगाचा अंत मोजायचा!"

टाळ्या वाजवणाऱ्यांत महेशही होता. कारखान्यात मशीन चालवणारा, शिकलेला. त्याच्या मांडीवर नऊ वर्षांची आरोही मलूल पडली होती. महाराजांनी तिची इन्सुलिनची सुई बंद करायला लावली, त्याला आज चौथा दिवस.

शेजारी बसलेले महेशचे वडील मोतीरामनाना खिळा नीट पाहायला पुढं झुकले. पिंपळगावच्या द्राक्षबागांत फवारणीसाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना कालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या पाण्यात विळा बुडवायचा. पातं तांबूस झालं, तर चुना कमी पडला.

"महेश, हे मोरचुदाचं पाणी हाय. लोखंडावर तांबं चढतंय. चल, पोरीला दवाखान्यात ने."

"नाना, हळू. न्यूटनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

नाना तडक पुढं गेले आणि खिशातली लोखंडी किल्ली त्यांनी गडूत बुडवली. ना मंत्र, ना डोळे मिटणं. किल्ली तांबूस!

"पाणी बाटवलंस, अडाण्या!"

"बाटलं, तर किल्ली कशी पालटली, महाराज?"

कोणीतरी हसलं. महेश हसला नाही. आरोहीचा श्वास जोरजोरात चालला होता, हाकेला ओ येत नव्हती. लेकराला घेऊन दोघेही दवाखान्याकडे धावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरोही गेली. "दोन दिवस आधी आणली असती तर," एवढंच डॉक्टर बोलले.

दहाव्याला गोदाकाठी लोक श्रद्धांजलीचं बोलत होते. महेशला मान वर करवेना. नाना उठले.

"मी डॉक्टरांना न्यूटनचं इचारलं. भट्टीची गोष्ट खरी हाय. पण सोनं काय निघालं नाय. बाप, लेक आन् पवित्र आत्मा मिळून एकच देव, असं त्याचा धर्म सांगायचा. यानं पोथ्या स्वतः वाचल्या, त्याला ते पटलं नाय. नोकरी जाईल या भीतीपायी जन्मभर लपवलं. त्याची श्रद्धा त्याच्यापाशी. त्याचं गणित मातर कोणीबी तपासावं. माणूस केवढाबी मोठा असू द्या, त्याचं नाव म्हंजे पुरावा नाय."

त्यांनी महेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझा पोरगा वाईट नाय हो. त्यानं फक्त इचारलं नाय. तुमी इचारा. लेकराचं औषध कोणी बंद करा म्हणलं, तर आदी डॉक्टरला इचारा. एवढं करा, बाबांनो."