लॉटमध्ये दोन चालतात

माझा नवरा रंगनाथ यंदा आषाढात घरी आला तेव्हा तो गळत होता.

दारात चपला काढून तो आत आला, भिंतीला टेकून बसला आणि त्याच्याखाली फरशीवर पाण्याचा डाग पसरत गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. कपडे कोरडे होते, फक्त डाव्या गुडघ्यावर, बरगडीखाली आणि मानेमागे ओले. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गुडघ्याखाली पातेलं सरकवलं आणि मानेमागे परात धरली.

"गाडीवर राबतंय लेकरू माझं," त्या म्हणाल्या. "घाम आहे तो."

रंगनाथ बोअरवेलच्या गाडीवर कामाला आहे. दसरा झाला की गाडी कर्नाटकात उतरते, तिथून तेलंगणात जाते. पावसाळ्यात काम बंद पडतं, तेव्हा तो घरी येतो. मी एमआयडीसीत जाते. आमच्या कारखान्यात कंडोम बनतात आणि मी टेस्टिंगला आहे. प्रत्येक लॉटमधले तीनशे पंधरा नग आमच्या टेबलावर येतात. एकेकात तीनशे मिली पाणी भरायचं, दांडीला टांगायचं, एक मिनिट बघायचं. थेंब दिसला नाही तर तोंडाला पीळ द्यायचा आणि टिपकागदावर लाटायचं, पोळी लाटतात तसं, हलक्या हाताने. कागद ओला झाला तर नग गळका. दोनपर्यंत गळके चालतात. तिसरा निघाला तर लॉट नापास. सात वर्षं मी हेच करते. घाम कोणता आणि गळती कोणती, हे मला आत्यांपेक्षा जास्त कळतं.

"उठा," मी त्याला म्हणाले. "दांडीला धरा."

स्वयंपाकघराच्या दारात कपडे वाळत घालायची लोखंडी दांडी आहे. तो दोन्ही हातांनी तिला लोंबकळला. मी त्याच्या तोंडात पाणी ओतत गेले आणि तो मुकाट गिळत गेला. साडेचार कळशा बसल्या. मग मी घड्याळाकडे बघत उभी राहिले.

आधी गुडघ्यातून थेंब आला. तांबूस होता, मातीचा.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"रायचूरकडचं," तो म्हणाला. "तिथं मुक्काम लांबला होता."

बरगडीखालचं पाणी खारट होतं.

"आणि हे?"

"पार तिकडचं, हैदराबादच्या अलीकडं. ढाब्यामागं खोली होती."

मानेमागून येणारं पाणी स्वच्छ होतं. त्याला कसलाही रंग नव्हता, वास नव्हता.

"हे?"

"ते आठवत नाही."

एक मिनिट झालं. मी त्याला खाली उतरायला सांगितलं. त्याच्या हातांना दांडीचे वळ उठले होते आणि तो ते चोळत बसला.

"वापरलं होतं का काही?"

"एकदा," तो म्हणाला. "तेपण फाटलं."

त्याने शर्टाच्या खिशातून निळं पाकीट काढलं. रिकामं होतं, चारी घड्या घालून जपून ठेवलेलं. "कंपनीला पाठवणार आहे," तो म्हणाला. "फसवणूक आहे ही. माणसानं भरवसा ठेवायचा तो कशावर?"

पाकीट आमच्याच कंपनीचं होतं. लॉट नंबर ४४१७. तो लॉट गेल्या श्रावणात माझ्याच टेबलावरून गेला होता. दोन नग गळके निघाले होते, म्हणून लक्षात होता. आत्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुझ्या कंपनीचं आहे का गं, जयमाले?"

"हो."

"म्हणजे तुझ्याच हातचं."

त्या दिवसापासून त्या माझ्या हातचं पाणी घेईनात.

सोमवारी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. चौदा नंबरच्या खोलीत बोराडे मॅडम बसतात. त्यांनी त्याच्या खुर्चीखाली स्टीलचा ट्रे सरकवला आणि सुई घातली. आधी बराच वेळ पाणी आलं, मग रक्त. माझंही घेतलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर बादली घेऊन बसली होती आणि तिचा नवरा मोबाईलवर क्रिकेट बघत होता.

मॅडमनी आम्हाला आत बोलावून दार लावून घेतलं.

"एचआयव्ही आहे," त्या रंगनाथला म्हणाल्या. "घाबरून जायचं नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. गळणं आठवड्याभरात थांबेल. पण थांबलं म्हणजे संपलं असं नाही. मी सांगेपर्यंत घरातसुद्धा कंडोम वापरायचा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही आज कोरड्या आहात. तीन महिन्यांनी परत या. तेव्हा नक्की सांगता येईल."

त्यांनी पाकिटांची पट्टी माझ्यापुढे ठेवली.

"हे फाटतात," रंगनाथ म्हणाला.

"नीट वापरलं तर सहसा फाटत नाहीत. तुम्ही ते कुठं ठेवलं होतं?"

"खिशात. पँटच्या मागच्या."

"किती दिवस?"

"सहा-सात महिने असेल."

"आणि दिवसभर इंजिनाशेजारी उभे?"

"कामच तसं आहे."

"मग फाटणारच," बोराडे मॅडम म्हणाल्या.

या सगळ्यातलं त्याने नेमकं शेवटचं ऐकलं. रिक्षात बसल्यावर तो मला म्हणाला, "बघ, मॅडमच म्हणाल्या. फाटणारच."

चौथ्या दिवशी त्याचा गुडघा सुकला. सहाव्या दिवशी बरगडी आणि मान सुकली. आत्यांनी परात घासून फळीवर ठेवली आणि शिरा केला. सातव्या दिवशी दुपारी त्यांनी दळणाचा डबा कमरेवर घेतला. "गिरणीत गर्दी असती," त्या म्हणाल्या, "यायला वेळ लागंल." जाताना त्यांनी बाहेरून कडी घातली.

मी पट्टीतलं एक पाकीट मुठीत धरून बसले होते. रंगनाथ माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने माझी मूठ उघडून बघितली.

"हे कशाला?"

"मॅडमनी सांगितलंय."

"घरात कोण वापरतं? बाहेरच्यासाठी असतं ते."

मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले. तेवढ्यात खोली लहान होऊ लागली. आधी खिडकी गेली, मग कपाट गेलं, मग मी ज्या भिंतीकडे सरकत होते ती भिंतच माझ्या पाठीपर्यंत आली. छत इतकं खाली आलं की त्यावरचे चुन्याचे पोपडे मला मोजता येत होते. एकवीस होते.

आत्यांनी कडी काढली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. पीठ अजून गरम होतं. त्यांनी मला ते चाळायला दिलं.

दुसऱ्या दिवशी उठले तर घोटे जड झाले होते. चालताना आत पाणी हिंदकळत होतं. कळशी कडेवर घेतली की येतो तसा आवाज. मी कारखान्यात गेले, दिवसभर टांगलं, लाटलं, सह्या केल्या. शेजारच्या टेबलावर तरन्नुम असते. आम्ही सात वर्षं एकमेकींच्या डब्यातून जेवतो. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"किती आलंय?" तिने विचारलं.

"घोट्यापर्यंत."

तिने आपला डबा बंद केला आणि त्या दिवसापासून खिडकीपाशी बसून जेवायला लागली.

नागपंचमीला पाणी गुडघ्यावर होतं. पोळ्याला कमरेवर. बांगड्या हातात रुतल्या. वाकलं की घशाशी यायचं, म्हणून मी वाकणं सोडलं. आत्या एका सकाळी माझ्या पोटाला कान लावून बसल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"रंगा," त्यांनी हाक मारली, "पोरगा आहे रे!"

"पाणी आहे, आत्या," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय."

त्यांनी गल्लीत पेढे वाटले. रंगनाथनेही दोन खाल्ले. मी त्याला म्हणाले, "तुमचंच आहे हे. गुडघ्याचं, बरगडीचं आणि ते आठवत नाही ते." तो म्हणाला, "मी तर कोरडा आहे." आणि त्याने मला आपले दोन्ही तळहात दाखवले. ते खरोखर कोरडे होते.

तीन महिने व्हायला बारा दिवस उरले होते तेव्हा गुंजाळ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आमचे सुपरवायझर. केबिनमधल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर रंगनाथ बसला होता. त्याच्यापुढे चहा होता, बशीत बिस्किटं होती आणि टेबलावर ते निळं पाकीट घड्या उलगडून ठेवलं होतं.

"हे ग्राहक," गुंजाळ साहेब म्हणाले. "४४१७ची तक्रार घेऊन आलेत."

"हे माझे मालक आहेत, साहेब."

"घरी असतील. इथं ग्राहक आहेत." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "सही तुमची?"

"माझीच."

"गळके किती निघाले होते?"

"दोन. दोन चालतात, साहेब."

"दोन चालतात. पण ते दोन इथं निघाले. मग हा कुठला?" त्यांनी पाकिटावर पेन टेकवलं. "हा तिसरा धरायचा का?"

"ते पाकीट सहा-सात महिने खिशात होतं. इंजिनाजवळ. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं, त्याने फाटतं."

गुंजाळ साहेबांनी रंगनाथकडे पाहिलं. तो चहावर फुंकर घालत होता.

"ग्राहकानं कसं ठेवलं, त्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही," साहेब म्हणाले. "फेरतपासणी करावी लागेल. माल तर वापरून संपला. त्यामुळे ज्या घरी गेला त्या घरच्या बायका बोलावल्यात. तीनशे चौदा आल्यात सकाळपासून. तुम्हाला धरून पूर्ण होतात."

"आणि तिसरी निघाली तर?"

"नापास लॉटचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. कारखान्याच्या मागे भट्टी आहे.

टेस्टिंगच्या हॉलमध्ये सगळ्या दांड्या भरल्या होत्या. साड्यांतल्या बायका होत्या, गाऊनमधल्या होत्या, एक अजून हळदीच्या हातांची होती. कोणी गुडघ्यापर्यंत भरलेली, कोणी गळ्यापर्यंत. प्रत्येकीच्या पायाखाली टिपकागद अंथरला होता. तरन्नुमने हातमोजे घातले होते.

"तरन्नुम, मी आहे," मी म्हणाले.

"तीनशे पंधरा," ती म्हणाली आणि तिने लिहिलं. मग तिने माझ्या केसांना पीळ दिला, घट्ट, सातही वर्षं देतो तसा, आणि मला दांडीला टांगलं. पाणी वरून खाली पायांत उतरलं. टाचा ताणल्या गेल्या.

"किती निघाल्यात?" मी हळूच विचारलं.

"दोन."

दारातून गुंजाळ साहेब आणि रंगनाथ आत आले. साहेबांनी त्याला रांग दाखवली, पाहुण्यांना कारखाना दाखवतात तशी.

"यातल्या तुमच्या कोणत्या?" त्यांनी विचारलं.

रंगनाथने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. माझ्यावरून त्याची नजर गेली आणि पुढे गेली.

"अशा टांगल्यावर ओळखू येत नाहीत," तो म्हणाला.

तरन्नुमने घड्याळाची कळ दाबली. हळदीच्या हातांची बाई माझ्या शेजारी होती. तिने विचारलं, "ताई, तुमचं गाव कुठलं?" तिच्या पलीकडची म्हातारी म्हणाली, "बोलू नका. बोललं की हलतं." सगळ्या माना खाली घालून एकमेकींच्या टाचांकडे बघत होत्या. मीही बघत होते. हळदीच्या बाईची डावी टाच मला चमकल्यासारखी वाटली आणि तिसरी गळकी तीच निघावी, असं मला मनापासून वाटलं. तिनेही माझ्या पायांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

अर्ध्या मिनिटानंतर कागदावर टप् असा आवाज झाला. तीनशे पंधरा बायकांनी आपापल्या टाचा जुळवल्या, आणि तरन्नुम पेन्सिल कानावरून काढून रांगेच्या कडेने चालत येऊ लागली.