कोमट समुद्र

टॉवेल टाकून झाले तरी नोरीन स्टब्ज तिथून हलली नाही. हललं की खाट गेली, अशी त्या हॉटेलची रीत होती. तलावाकाठच्या पाच आरामखाटांवर पाच टॉवेल, आणि राखणीला ती एकटी. मुलगी डोना, जावई क्रेग आणि दोन नातवंडं वर खोलीत झोपलेली. ती सगळी खाली उतरत ऊन चढल्यावर, आणि मग डोना म्हणे, "आई, आता जरा पोरांना बघ."

हॉटेलच्या मागे लोखंडी फाटक होतं आणि फाटकापलीकडे बल्गेरियाचा काळा समुद्र, नावापुरताच काळा. बसल्या जागेवरून तिला त्याची एक निळी रेघ दिसे.

नोरीन इंग्लंडातल्या ग्रिम्सबीची. आमच्या ग्रिम्सबीलाही समुद्र आहे, पण तो गढूळ, तपकिरी, आणि भर उन्हाळ्यात पाय घातला तरी हाडं ठणकतात. नोरीनचं आयुष्य मासळीच्या कारखान्यात गेलं, बर्फात हात घालून कॉड सोलण्यात. तिची बोटं आता उन्हातसुद्धा निळी पडत. तिचा नवरा वॉल्टर होता तेव्हा म्हणायचा, समुद्र तो समुद्र, तिकडचा काय वेगळा असतो. वेगळा असतो का, एवढंच तिला बघायचं होतं. कोमट समुद्रात कमरेएवढं उभं राहायचं आणि दोन्ही हात पाण्यात सोडून द्यायचे. त्यासाठी तिनं पोहायचा पोशाख घेतला होता. गडद निळा, सत्तरीच्या बाईला शोभेलसा.

सहल क्रेगनं ठरवली. स्पेन महाग, म्हणून बल्गेरिया. खाणंपिणं भाड्यातच धरलेलं. मनगटाला हॉटेलची प्लास्टिकची पट्टी बांधली की हवं तेवढं खा, हवं तेवढं प्या. आमची माणसं अशा सहलीला गेली की समुद्राकडे पाठ करून बसतात आणि ग्लास मोजतात. क्रेगचं म्हणणं, पोट फुटेस्तोवर बिअर प्यायली तरच सहल वसूल, नाहीतर घरी बसलेलं काय वाईट. त्याच्या लेखी नोरीन पहिल्या दिवसापासून तोट्यात होती. ती पीत नव्हती. सकाळी टोस्ट आणि चहा, झालं.

"हिचं तिकीट म्हणजे पाण्यात गेलं," तो तिच्यासमोरच शेजारच्या खाटांवरच्या लोकांना सांगे. "चार सॉसेज तरी खा गं नोरीन. चिमणीसारखी काय टिपतेस?"

ती हसायची. तिकीट तिनं स्वतःच्या पैशानं काढलं होतं, पण ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

रोज ती विचारी, जरा फाटकापलीकडे जाऊन येऊ का. रोज काहीतरी निघे. एकदा नातवाला उलट्या झाल्या. एकदा डोनाची पाठ उन्हानं सोलवटली आणि तिला दिवसभर मलम लावत बसावं लागलं. संध्याकाळी मुलगी-जावई खाली बारवर, नोरीन वर पोरांपाशी. शेवटी डोनानं शब्द दिला, शेवटचा दिवस तुझा. विमान रात्रीचं होतं, दिवस अख्खा मोकळा.

त्या दिवशी नोरीन फुलाफुलांच्या झग्याखाली पोहायचा पोशाख घालूनच खोलीबाहेर पडली. खाली काउंटरवरची बाई कात्रीनं परत निघणाऱ्या एकेकाची पट्टी कापत होती. थोडे जादा पैसे भरले तर पट्टी संध्याकाळपर्यंत राहत होती. क्रेगनं चौघांचे भरले.

बाईनं कात्री हातात धरून नोरीनकडे बोट दाखवलं. डोना वळली.

"तुला काय करायचीय गं पट्टी? तू कुठे पितेस? तू बॅगांपाशी बस, आम्ही जेवून येतो."

"मला समुद्रावर जायचं होतं," नोरीन म्हणाली.

"मग जा की," क्रेग म्हणाला. "समुद्र काय पट्टी विचारतो?"

कात्री चालली. आठवडाभराच्या उन्हानं मनगट तांबूस झालं होतं. पट्टीखालची तेवढी कातडी पांढरी राहिली होती, माशाच्या पोटासारखी.

जेवून यायला त्यांनी दुपार केली. मग नोरीन उठली आणि टॉवेल घेऊन फाटकापाशी गेली. पट्टीशिवाय सोडणार नाही, अशी पाटी तिथे इंग्रजीत लावलेली होती. पाटीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर राखणदार बसला होता, तिच्याच वयाचा. सूर्यफुलाच्या बियांनी त्याचं तोंड भरलेलं.

नोरीननं मनगट पुढे केलं, पांढरा पट्टा दाखवला. "सकाळपर्यंत होती," ती म्हणाली. "फक्त हात बुडवून येते. जाऊ?"

त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, आणि मान डावीकडून उजवीकडे हलवली. सावकाश, समजावल्यासारखी.

"माफ करा हं," नोरीन म्हणाली आणि वळली. नाही म्हटलेल्या माणसापाशी घुटमळायची आम्हाला मेल्याहून मेल्यासारखी लाज. राखणदारानं मागून हाक मारली. परत मारली. फाटकाची कडी वाजली. त्यानं कुलूप घातलं, असं तिला वाटलं. ती मान खाली घालून भराभरा हॉटेलच्या पायऱ्यांशी आली आणि बॅगांजवळ बसली. झग्याखालचा कोरडा पोशाख अंगाला काचत होता.

संध्याकाळी विमानतळाच्या बसमध्ये क्रेग रंगात आला होता. मागच्या बाकावरच्या लोकांना तो पहिल्या दिवशीची गंमत सांगत होता.

"मी आणखी एक बिअर मागितली, तर वेटर अशी मान हलवतो." त्यानं डावी-उजवी करून दाखवली. "म्हटलं, नाही कसं म्हणतोस, पट्टी बघ माझी. भांडायलाच उठलो. तर ह्यानं भरलेला ग्लास पुढ्यात ठेवला. ह्यांची डोकी उलटी बसवलीत हो. नाही म्हणायचं तर वर-खाली करतात, आणि हे असं केलं की 'हो'."

बसभर हशा झाला. बारवर बसणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"आईला बघा माहीतच नाही," डोना म्हणाली. "ती बारवर आलीच कुठे?" मग मान न वळवताच तिनं विचारलं, "गेली होतीस ना गं समुद्रावर?"

रस्ता थोडा वेळ समुद्राच्या कडेनं चालला होता. नंतर सूर्यफुलाची शेतं लागली.

"हो," नोरीन म्हणाली. "फाटक उघडंच होतं."

ग्रिम्सबीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं बॅग रिकामी केली. पोहायचा पोशाख स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरला, नीट भिजू दिला, आणि न पिळता तसाच मागच्या अंगणात दोरीवर घातला, शेजारच्या बाजूला.

शेजारची ब्रेंडा भिंतीवरून डोकावली. पुढच्या वर्षी तिचाही विचार होता.

"काय गं, परवडतं का असं स्वस्तातलं जाणं? समुद्र तरी बरा आहे?"

"जा तू," नोरीन म्हणाली. "पाणी कोमट असतं."

नळाच्या गार पाण्यानं निळी पडलेली बोटं तिनं काखेत दाबून धरली. दोरीवरचा पोशाख कितीतरी वेळ ठिबकत होता.