आठवणीचा ठसका

तुळसाबाईनं पिचकारीतलं पातळ वरण नाकातल्या नळीत सोडलं आणि बळीरामला ठसका लागला. तिचा चेहरा उजळला.

"तुमच्या गिरिधरनं आठवण काढली वाटते," नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "काढ गा पोरा, काढ."

इतवारीच्या बाजारात तीस वर्षं हातगाडी ओढलेला हा माणूस लकव्यानं आडवा झाला, त्याला चार महिने होत आले होते. वाचा गेली, गिळणं गेलं; उरली ती लाल रबरी नळी. त्या नळीनं नाकपुडी सोलून काढली होती. मुलगा गिरिधर सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला. तीन आठवडे फिरकला नव्हता. जेवताना ठसका लागला की कोणीतरी आठवण काढतं, हे तुळसाबाईचं माहेरून आलेलं ज्ञान. खोकला आला की भरवणं थांबवा, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं खरं, पण सिस्टरला या घरचं काय ठाऊक? आठ दिवस ठसके वाढत गेले आणि तुळसाबाई सुखावत गेली. पोरगा बापाला विसरला नाही, याहून तिला काय हवं होतं!

नवव्या दिवशी बळीराम तापानं फणफणला. छाती घरघरू लागली, ओठ निळे पडले. शेजारच्या नत्थूजींनी त्याला त्याच्याच हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं आणि खाणीत निरोप धाडला.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"नाकातली नळी फार दिवस राहिली की जठराचं तोंड नीट मिटत नाही. अन्न उलटून फुप्फुसात जातं. ठसका कधीपासून लागत होता?"

"आठ दिवस झाले जी."

"आणि तुम्ही भरवतच राहिलात?"

आपल्याच हातानं आपण काय केलं, हे तुळसाबाईला कळलं. ती खाटेच्या दांडीला धरून खाली बसली.

संध्याकाळी गिरिधर आला, खाणीतल्या काळ्या कपड्यांनिशी. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"खरं सांग गा. हे आठ दिवस तू बापाची आठवण काढून राहिला होता ना?"

गिरिधरनं मान खाली घातली. नखातला कोळसा तो कोरत राहिला.

"हो माय," तो म्हणाला. "रोज."

पोटच्या पोराचं खोटं तिला त्याच्या लहानपणापासून ओळखू येई. तिनं मनगट सोडलं नाही.

खाटेवर बळीरामला पुन्हा ठसका लागला.

"बस कर गा आता," ती म्हणाली. "नको काढू."