स्पीकर बंद पडला तेव्हा

माझं इंग्रजी लोडशेडिंगवर वाढलं. बेळगावच्या वडगावात आमच्या माहेरी घरातच विजेवर चालणारे चार माग होते. ते चालू असले की रेडिओ सोडा, बोळातल्या देवळाची घंटासुद्धा ऐकू यायची नाही. लाइट गेली की माग थांबायचे, आणि मग मी सेलवरचा रेडिओ कानाला लावून इंग्रजी बातम्या ऐकायची. कळायचं काही नाही. नववीत शाळा सुटली होती आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम मागे लागलं होतं. पण ती बातम्या देणारी बाई वाक्य कुठं उचलते आणि कुठं सोडते, ते पाठ व्हायचं. पुढं मोबाइल आला, व्हिडिओ आले, आणि चाळिशी ओलांडल्यावर मी गल्लीतल्या पोरांना गाणी म्हणत इंग्रजी शिकवायला लागले.

मारुतीराव सर आमच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. एक दिवस ते दारात आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"नीलमआक्का, पोरं सगळी इंग्लिश मीडियमकडं चालली. आठवड्याला तीन तास या आमच्याकडं. गाणी म्हणा, गोष्टी सांगा, व्हिडिओ दाखवा, काय बी करा. आईबापाला वाटलं पाहिजे, हितं पण इंग्लिश आहे."

"सर, मी नववी नापास आहे."

"ते आईबापाला सांगू नका."

अशी मी पाचवीच्या वर्गात गेले. शाळेला एका संस्थेनं टीव्ही दिला होता, त्याचा आवाज पहिल्याच पावसाळ्यात गेला. मग मी घरचा छोटा स्पीकर जोडला. व्हिडिओतली मुलं सारखी बर्फात खेळायची. आमच्या पोरांना बर्फ माहीत होता तो गोळ्याचा. म्हणून मी माझीच गाणी रचली. "शटल गोज, शटल कम्स, मदर कॉल्स, सिस्टर कम्स." हात डावीकडं, हात उजवीकडं. ती मीच मोबाइलवर म्हणून, माझाच चेहरा मोठा दिसेल असा व्हिडिओ करून टीव्हीवर लावायची. पोरांना गंमत वाटायची की आक्का इथं पण आहे आणि टीव्हीत पण आहे.

गोष्ट सांगताना माझं तोंड भाकरीएवढं उघडतं असं पोरं म्हणायची. खरं आहे ते. मागाच्या घरात वाढलेली माणसं तशीच बोलतात. आवाज काढून उपयोग नसतो, तेव्हा ओठ मोठे हलवायचे, भुवया वापरायच्या, बोटं वापरायची. आई मागावरून बापाला "मीठ संपलंय" म्हणायची आणि चार माग ओलांडून ते बापाला पोचायचं. अशा ओठांना इंग्रजीचे उच्चार सोपे गेले.

ऋतिका पहिल्या बाकावर बसायची. गल्लीतल्या परशरामची थोरली पोर. त्यांच्या घरी अजूनही चार माग होते, पुढच्या सोप्यात माग आणि मागच्या खोलीत चूल, झोपणं, अभ्यास. ती माझ्या तोंडाकडं असं बघायची, की शिकवणाऱ्या बाईला चढून जावं. मलाही चढलं. गाण्याच्या खाणाखुणा सगळ्यांत आधी तिच्या. गोष्टीवरच्या प्रश्नाला पहिला हात तिचा. आवाज तेवढा मोठा आणि सुराला सोडून. मी म्हणायची, मागाच्या घरातली पोर आहे, ओरडणारच.

संकेश्वरच्या अलीकडं एक निवासी शाळा आहे. सहावीला परीक्षा घेऊन मुलं निवडतात. तिथं ऋतिकाला जागा मिळावी हे मी आणि मारुतीरावांनी ठरवलं, मग तिच्या आईला पटवलं. सोनाबाई मागावर उभी राहूनच म्हणाली, "तिला तरी हितनं न्या. मी आलते सतराव्या वर्षी, अजून हितंच उभी हाय." परशरामनं दुसऱ्या दिवशी पोरीचे दोन फोटो काढून आणले.

त्या वर्षीपासून परीक्षेत एक नवा भाग होता. इंग्रजी गोष्ट ऐकवायची आणि खाली पाच प्रश्न. मी म्हटलं, हा तर आमचा घरचा खेळ.

जानेवारीत एक दिवस वर्गात गाणं चालू असताना स्पीकरचं चार्जिंग संपलं. टीव्हीत माझं तोंड हलत राहिलं, आवाज गेला. पोरं थांबली, हसायला लागली. ऋतिका थांबली नाही. टीव्हीकडं बघत, हात डावीकडं उजवीकडं करत, शेवटच्या ओळीपर्यंत म्हणत गेली. ओळ न ओळ बरोबर.

मला भरून आलं. मी वर्गाला म्हटलं, "बघा, स्पीकर बंद पडला तरी ती थांबली न्हाय. ह्याला म्हणायचं ध्यान." सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मारुतीराव नेमके दारात मोबाइल घेऊन उभे होते. त्यांनी ते सगळं टिपलं होतं. पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांनी गाण्याचा आवाज पुन्हा वरून जोडला. "मोकळं मोकळं वाटत होतं, आक्का," म्हणाले. मूळचा व्हिडिओ त्यांनी पुसला, मोबाइल भरला होता. तो जोडलेला व्हिडिओ बेळगावभर फिरला. निपाणीहून माझ्या नणंदेचा फोन आला, "तुझं नाव झालं बघ."

परीक्षा रविवारी होती. परशरामच्या मागांवर लग्नसराईच्या साड्या होत्या, म्हणून ऋतिकाला मी घेऊन गेले. बसमध्ये ती खिडकीजवळ. मी तिच्याशी बोलत होते, ती माझ्याकडं बघत होती, सगळं ठीक होतं.

पालकांना आवाराबाहेर थांबायला सांगितलं होतं. मी कुंपणाच्या तारेपाशी अशी उभी राहिले, की तिसऱ्या खिडकीतून ती दिसावी. गणिताचा पेपर तिनं खाली मान घालून लिहिला. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून गोष्ट सुरू झाली. एक म्हातारी, तिची शेळी, हरवलेली दोरी. मला तारेपाशी शब्द न शब्द ऐकू येत होता. सोपी गोष्ट होती, आमच्या पोरांनी झोपेत सांगितली असती.

ऋतिकानं मान वर केली. समोरच्या बाईंकडं बघितलं. बाईंचं तोंड मिटलेलं होतं. मग ती डावीकडच्या मुलाकडं वळली, उजवीकडच्या मुलीकडं वळली, मागं वळली. सगळ्या वर्गात कोण बोलतंय ते ती शोधत होती. सगळी पोरं ऐकत होती आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं.

बाई आल्या. दुसऱ्यांच्या कागदात बघू नको, असं त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं असावं. त्यांनी तिचा कागद उचलला आणि तिला कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीकडं तोंड करून बसवलं. गोष्ट दुसऱ्यांदा लागली. ती भिंतीकडं बघत बसली.

मी तारेला धरून उभी होते. तेव्हा मला ते कळलं असं म्हटलं तर बरं दिसेल. पण मला जानेवारीतच कळायला हवं होतं. मी टाळ्या वाजवत होते.

परतीच्या बसमध्ये मी पदर तोंडावर ओढला, जरा मोठ्यानं विचारलं, "ऋतिका, भूक लागली काय गं?"

ती माझ्या डोळ्यांकडं बघत राहिली.

"आक्का, पदर काढा की. तुमी तोंड झाकलं की माझं बंद होतंय."

"कधीपासनं?"

"काय कधीपासनं?" तिला प्रश्न कळला नाही. थोडा विचार करून म्हणाली, "सगळ्यांचं तसंच असतंय न्हवं? तोंड दिसल्यावरच कळतंय की."

मी पिशवीतला लाडू काढून तिला दिला.

परशरामच्या घरी पोचले तेव्हा माग चालू होते. मी हातानं बंद करा म्हणून सांगितलं. एकेक करत चारही थांबले आणि घरात अशी शांतता झाली, की सोनाबाईनं घाबरून विचारलं, "कोण गेलं काय?"

मी सांगितलं. परशरामची आई रुक्माबाई कांड्यांची टोपली घेऊन बसली होती, ती ओरडून म्हणाली, "आमच्या घरात कोण भैरं न्हाय." शांत घरातही ती ओरडूनच बोलत होती. "लहानपणी कान वाहायचा तिचा. लसणीचं त्याल घातलंय मी. गेलतं ते."

परशराम खाली बघत होता. मग म्हणाला, "आक्का, तुमचं मला बी आर्धंच ऐकू येतंय. आमच्यात सगळ्यांना येतंय हे, चाळिशी गाठली की. तिला जरा लवकर आलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पोरीला लवकर दात आले असं सांगावं तसं तो सांगत होता.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी ऋतिकाला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्रं लावली आणि नंतर कागदावर खाली खाली उतरत गेलेली रेघ दाखवली. आधी कान वाहून वाहून खराब झाले, त्यावर रोज बारा तास मागांचा आवाज. गेलेलं परत येणार नाही. मशीन लावलं तर थोडं ऐकू येईल. "आणि तिला त्या आवाजातून बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "नाहीतर उरलंय ते पण जाईल."

सोनाबाईनं विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं?"

डॉक्टरीण बाईंनी दाखल्यावर सही केली. उत्तर मला माहीत होतं. निवासी शाळा. तीस मुलींची झोपायची खोली, उसाची शेतं, एकही माग नाही.

मी चार दिवस खपून इंग्रजीत अर्ज लिहिला. मुलीला कमी ऐकू येतं, सोबत दवाखान्याचा दाखला आहे, तेवढ्या पाच प्रश्नांसाठी कुणीतरी माणसानं समोर बसून तोंड दाखवून गोष्ट वाचावी. बस, एवढंच. तो घेऊन मी त्या शाळेच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, चांगल्या शब्दांना मान डोलावली. मग त्यांनी मोबाइल काढला.

"ही तीच मुलगी का बघा."

पडद्यावर ऋतिका हात डावीकडं उजवीकडं करत गात होती. गाणं खणखणीत वाजत होतं. शेवटी टाळ्या.

"हे माझ्याकडं तीन ग्रुपवरनं आलं," ते म्हणाले. "चांगलं ऐकती की पोरगी. जानेवारीत गाणं ऐकून म्हणती, आणि मार्चात कमी ऐकू येतं?"

"साहेब, तेव्हा स्पीकर बंद होता. आवाज मागनं जोडलाय."

"कुणी?"

"आमच्या हेडसरांनी."

"मग मूळचं दाखवा."

मूळचं नव्हतं. ते दाखवा म्हणाले, मी ते पुसलं गेलंय म्हटलं, आणि त्यांना ते नेहमीचंच वाटलं. रोज कुणीतरी दाखले घेऊन येतं, कुणाचा पाय, कुणाचा डोळा. वाईट माणूस नव्हता. मला चहा पाजला.

यादी लागली. ऋतिकाचं नाव नव्हतं.

मशीन एका शिबिरात मिळालं. कानामागं बसणारं, कातडीच्या रंगाचं. पहिल्या दिवशी ती वर्गात ते लावून आली आणि पंखा, बाकाची करकर, माझ्या बांगड्या, सगळ्यांनी दचकत राहिली. घरी गेल्यावर मात्र तिनं ते काढून टाकलं. मागांच्या खोलीत ते लावलं की डोक्यात खिळे ठोकल्यासारखं होतं म्हणाली. म्हणजे शाळेचे पाच तास ती ऐकायची आणि उरलेले एकोणीस तास ते डब्यात असायचं.

मी परशरामला म्हटलं, "निदान झोपायला तरी माझ्याकडं पाठवा. मी एकटी असते."

रुक्माबाईनं माझ्या ओठांवरून ते टिपलं. "पोरगी दुसऱ्याच्या घरात झोपायला? लोक काय म्हणतील? आन् हितं कुणाला ऐकू येतंय, सांग बगू. आमचं काय आडलंय?"

सोनाबाई दोरा जोडत होती. दुसऱ्या आठवड्यात ऋतिका शाळेतून आल्यावर कांड्या भरायला बसू लागली. आजीचे हात थकले होते, असं कारण होतं.

जूनमध्ये मारुतीरावांनी मला ऑफिसात बोलावलं. खिडकी लावलेली होती, काच स्वच्छ होती. पलीकडं मैदानात नळापाशी मुली उभ्या होत्या.

"आक्का, त्या पोरीचं काय करायचं?" ते हळू आवाजात म्हणाले. "सहावीच्या वर्गाच्या कुलकर्णीबाई तिला नको म्हणत्यात. फळ्याकडं तोंड करून लिहिताना त्या बोलतात, हिला कळत न्हाय, मग परत सांगा. खास मुलांच्या शाळेत नाव घालावं, न्हायतर घरी बसू दे. काम तर शिकायलीच की ती."

"सर, तो व्हिडिओ तुम्ही जोडला नसता तर—"

"आणि टाळ्या कुणी वाजवल्या?" ते म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं. "आक्का, दोघांनी मिळून केलंय हे. आता ती हितं राहिली तर आपलं केलेलं रोज बघायचं आपण."

मी म्हटलं, "व्हय. रोज बघायचं."

बोलताना माझं लक्ष काचेकडं गेलं. नळावरच्या मुली पाणी उडवत होत्या. त्यांच्यात ऋतिका रिकामी बाटली हातात धरून उभी होती आणि आमच्याकडं बघत होती. मारुतीरावांचं तोंड तिच्या समोर होतं, माझंही. कधीपासून बघत होती कोण जाणे.

मी बाहेर आले. ती दोन पावलं पुढं आली.

"आक्का, मी उद्यापासनं येऊ नको म्हणत्यात व्हय हेडसर?"

"न्हाय गं," म्हणायला मी तोंड उघडलं, आणि ती माझ्या ओठांकडं ज्या तऱ्हेनं बघत होती, त्यापुढं मला खोटं बोलवेना. खरंही बोलवेना. मी तोंड फिरवलं. गेटकडं बघत उभी राहिले. दोन क्षण असतील. कुणी दुसरं पोरगं असतं तर ते तेवढ्यात मला हाक मारत बसलं असतं, मी पाठमोरीच काही पुटपुटले असते, चाललं असतं.

परत वळले तेव्हा ती गेलेली होती. वर्गात पहिल्या बाकावर, दाराकडं पाठ करून बसली होती, आणि मशीन काढून बाकावर ठेवलेलं होतं. दारातून हाक मारण्यात अर्थ नव्हता. मी बाकांमधून चालत पुढं गेले आणि तिच्यासमोर, फळ्याला पाठ लावून, तिला माझं तोंड दिसेल असं खाली बसले.