खरवडलेली चांदणी

मी पाटी बोलतेय. दुकानावरची नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. सहा फूट उंच, गडद हिरवी, डोक्यावर एका पायावर उभ्या बगळ्याचं चित्र असलेली नावांची पाटी. ओहायो नदीकाठच्या आमच्या शहराचा बेसबॉलचा संघ म्हणजे 'हेरन्स', बगळेच, आणि ह्या हेरन्सनी दरवर्षी पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचं नाव माझ्या अंगावर आहे. १९६५पासून २००४पर्यंत. पुढचं मला ठाऊक नाही, कारण पुढचं कुणी लिहिलंच नाही.

माझा जन्म जुन्या मैदानातल्या बाकांच्या लाकडातून झाला. तीस वर्षं लोक माझ्यावर बसून शेंगांची टरफलं टाकत, पंचाला शिव्या घालत. मग बाकं मोडली, सुताराने चांगल्या फळ्या निवडून जोडल्या, रंग दिला आणि मला कचेरीपासून मैदानाकडे उतरणाऱ्या बोळात टांगलं. बसायच्या जागेची वाचायची जागा झाले, म्हणजे बढतीच म्हणायची.

दर जूनमध्ये देशातले सगळे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात. गेल्या वर्षी जो तळाला, त्याची पाळी आधी. आमची पाळी बहुधा आधीच असायची, यावरून काय ते समजा. पोराने करारावर सही केली की रंगारीण ओपल रेनफ्रो यायची. डब्यावर उभी राहून, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून ती वर्ष आणि नाव लिहायची. एका पोराने सही करायला नकार दिला आणि तो दंतवैद्य व्हायला गेला. त्या वर्षापुढे नुसती रेघ आहे. १९८१ साल कोरं आहे. मालकांनी एक म्हातारा फटकेबाज विकत आणला आणि त्या वर्षीची आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन बसले. तो फटकेबाज जूनपर्यंतही टिकला नाही.

नाव लागलं म्हणजे सगळं झालं असं नाही. निवडलेलं पोर आधी लहान गावांतल्या लहान संघांत चार-चार वर्षं घासलं जातं. त्यातून वर येऊन ते मोठ्या संघाकडून पहिला सामना खेळलं की त्याच्या नावापुढे ओपल सोन्याच्या वर्खाची चांदणी लावायची. पहिल्या मालकांचा नियम कडक होता. खेळ चालू असताना पाय मैदानात पडला पाहिजे. गणवेश घालून बाकावर बसणं म्हणजे खेळणं नव्हे. माझ्यावर अडतीस नावं आहेत आणि चांदण्या सोळा.

माणसांची एक गंमत सांगते. ज्यांना चांदणी मिळाली, त्यांतला एकही मला बघायला परत आला नाही. ज्यांना मिळाली नाही, ते येत. कुणी विमा विकायला लागलेला, कुणी बापाच्या शेतावर परतलेला. बायको-पोरांना बाहेर उभं करून एकटेच बोळात शिरत, आपलं नाव शोधत आणि ते मिटवलेलं नाही हे पाहून निघून जात.

व्हर्न डिट्टमार मात्र रोज यायचा. पोरं हुडकणं हे त्याचं काम. मोडकी गाडी घेऊन गावोगाव फिरायचा, शाळांच्या मैदानांवर कुंपणाला टेकून तासन्‌तास उभा राहायचा. शहरात असला की सकाळी कॉफीचा कागदी पेला घेऊन माझ्यासमोर उभा राही आणि माझ्याशी बोले. बायको सोडून गेलेली, तेव्हा बोलायला मीच होते.

१९७९ साली त्याने जॉर्जियातल्या शेंगांच्या मुलखातून लेव्हॉन पेटिग्रूला आणलं. डावखुरा, चेंडू टाकणारा, बांबूसारखा सडसडीत. कचेरीत कुणाला तो पटला नव्हता. व्हर्नने नोकरी पणाला लावून त्याचं नाव पहिल्या फेरीत घ्यायला लावलं.

"त्याची आई, अर्नेस्टीनबाई, शिवणकाम करते," तो मला सांगत होता. "तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तीन वेळा कोंबडी खाल्ली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, साहेब, माझा एकुलता एक नेताय, कॉलेज सोडून येतोय तो. काय देणार त्याला? मी म्हटलं, बाई, त्याच्या नावापुढे सोन्याची चांदणी लागेल. माझा शब्द." मग त्याने पेला रिकामा केला. "आता लागली पाहिजे."

चार वर्षं लागली. १९८३च्या सप्टेंबरात, मोसमाचे शेवटचे तीन दिवस उरले असताना मोठ्या संघाने लेव्हॉनला वर बोलावलं. आम्ही अर्थातच तळाला होतो, हरण्यासारखं काही उरलं नव्हतं. शुक्रवारी आठव्या डावात त्याला खेळवतो, असं प्रशिक्षकाने व्हर्नला तोंडी सांगितलं होतं.

त्या दुपारी ओपल तिकीटखिडकीची पाटी रंगवायला आली होती. व्हर्न तिला जवळजवळ ओढतच माझ्यासमोर घेऊन आला.

"आत्ता लाव," तो म्हणाला.

"खेळलाय का तो?"

"आज खेळणारच आहे. तू पुन्हा जूनमध्ये उगवणार. तोवर काय त्याने वाट बघायची?"

"व्हर्न, बाळ जन्मायच्या आधी बारसं करू नये."

"तुझी हयात गेली पाट्या रंगवण्यात, बारशाचं मला नको शिकवू. आज त्याच्या आईला पत्र टाकायचंय मला."

ओपलने मान हलवली, पण डबा उघडला. तिलाही ते पोर आवडायचं. पहिल्या दिवशी तिची शिडी उचलून देणारा तोच एकटा होता. तिने डिंक लावला, वर्ख बसवला, कापसाने दाबला. पाच टोकांची, लखलखीत. माझ्या अंगावर त्याहून सुंदर चांदणी दुसरी नव्हती, आणि हे मी सगळ्या सोळांचा मान राखून सांगते.

तेवढ्यात लेव्हॉन आलाच. हातात बॅग, अंगात नवा कोरा गणवेश. तो पाहतच राहिला.

"वाळलीय का, बाई?"

"हात लावलास तर हात मोडीन. उद्या सकाळपर्यंत नाही."

त्याने लगेच दोन्ही हात पाठीमागे नेले आणि शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. व्हर्न मोठ्याने हसला. ते तिघं त्या बोळात एकत्र हसले, तेवढंच. मला ते अजून ऐकू येतं.

शुक्रवारी लेव्हॉनने कुंपणामागे सरावाचे चेंडू टाकून दोनदा हात गरम केला. पण सामना अटीतटीचा झाला, आणि तळाच्या संघालाही कधीतरी जिंकायची हाव सुटते. प्रशिक्षकाने जुना माणूस पाठवला. शनिवारी त्याला कुणी विचारलंच नाही. रविवारी दुपारपासून पाऊस लागला, मैदानावर ताडपत्री घातली, आणि निकालाने कुणाचं काही बिघडत नाही म्हणून सामना रद्द झाला. संध्याकाळच्या बसने पोर घरी गेलं.

सोमवारी कचेरीतून हुकूम आला. नियम म्हणजे नियम, चांदणी पुसा.

ओपल पातं घेऊन आली. व्हर्न भिंतीला टेकून उभा होता.

"वरून हिरवा रंग फासून मोकळी हो ना," तो म्हणाला.

"सोन्यावर रंग धरत नाही, खालून दिसत राहतो. खरवडावीच लागेल."

"मग खरवड पटकन."

"काढायची तर काढते. वेडीवाकडी नाही काढणार."

पाच मिनिटांचं काम तिने तासभर केलं. प्रत्येक टोक पात्याने कोरून, कडेला न चुकता, आत लाकडापर्यंत. मला दुखलं की नाही, असं कुणी विचारू नये. लाकडाला दुखत नाही. मग तिने त्या खळग्यात पातळ हिरवा रंग दिला. लांबून काही दिसेना. निघताना तिने व्हर्नला विचारलं, "पत्र टाकलंस?"

"शुक्रवारीच," तो म्हणाला.

पुढच्या वसंतात लेव्हॉनचा खांदा गेला. शस्त्रक्रियेसाठी तो शहरात आला तेव्हा हात गळ्यात अडकवून बोळातून गेला. माझ्यापाशी थांबला. आपल्या नावापुढची हिरवी जागा त्याने बराच वेळ पाहिली, एका हाताने कोटाचं बटण लावलं. त्याच वेळी व्हर्न बोळाच्या तोंडाशी आला होता. त्याने लेव्हॉनला पाहिलं आणि पावलं न वाजवता मागे फिरला. त्या दिवसापासून व्हर्न मागच्या जिन्याने जायला लागला. त्याची कॉफी तो कुठे प्यायचा, मला माहीत नाही.

निवृत्तीच्या दिवशी तो एकदाच आला. टोपी काढून उभा राहिला. "दर नाताळाला त्या बाईकडून खारवलेल्या शेंगांचा डबा येतो," तो म्हणाला. "सोबत चिठ्ठी. चांदणीबद्दल आभार. अकरा डबे झाले. मी काय उत्तर लिहू?" मला तोंड असतं तर मी काही सांगितलं असतं. पुढे चार वर्षांनी तो वारल्याचं दोन कारकुनांच्या बोलण्यातून कळलं.

मग ओपलचे हात थरथरायला लागले. २००४चं नाव जरा तिरकं आहे, बघा. संघाने नदीपलीकडे नवं मैदान बांधलं. तिथे म्हणे नावं पडद्यावर आपोआप येतात आणि आपोआप जातात. मला जुन्या मैदानाखालच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांमध्ये उभं केलं, तोंड भिंतीकडे. शिक्षा झालेल्या मुलासारखी वीस वर्षं मी भिंत बघितली. खेळ ऐकू येत नव्हता, माणूस ऐकू येत नव्हतं. अडतीस नावं अंगावर असून मी एकटी होते. नावांची सोबत होते असं ज्याला वाटतं, त्याने वीस वर्षं नुसती नावं सोबतीला घेऊन राहून बघावं.

गेल्या महिन्यात दार उघडलं. मैदान पाडणार, त्याआधी सगळं विकायला काढलंय. मला फिरवून प्रवेशदाराशी भिंतीला टेकवलं, जमिनीवरच. लोक आले, खुर्च्या उचलून नेल्या, माझ्यासमोर उभं राहून फोटो काढले. नावं कुणी वाचली नाहीत.

शेवटच्या दिवशी एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस चाकांची खुर्ची ढकलत आला. खुर्चीत एक अगदी लहानखुरी म्हातारी होती, डोक्यावर रविवारची जांभळी टोपी. तिचे डोळे दुधाळ झाले होते. त्या माणसाचा डावा खांदा जरा खाली होता, आणि मी त्याला ओळखलं.

"आई, बरीच गर्दी आहे. आपण बाहेरूनच बघू या का?"

"शहाऐंशी वर्षांची बाई आठ तास गाडीत बसून बाहेरून बघायला नाही आली, लेव्हॉन. ने मला पाटीपाशी."

तो आला. त्याचा चेहरा कोर्टात उभ्या केलेल्या माणसासारखा झाला होता.

"तुझं नाव कुठाय? बोट धर माझं."

त्याने तिचं बोट माझ्यावर ठेवलं. मी भिंतीवर टांगलेली असते तर तिचा हात पोचला नसता. एकेक अक्षर चाचपत ती नावाच्या शेवटापर्यंत गेली आणि आणखी पुढे सरकली.

"आई, मला तुला काही सांगायचंय."

"थांब."

तिचं बोट खळग्यात उतरलं. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलं, पाचही टोकं फिरलं. मग तिने वरच्या नावाची चांदणी चाचपली, खालची चाचपली. त्या सपाट होत्या, तिच्या बोटाला काहीच लागेना. ती परत खळग्यात आली.

"खरवडलीय," ती म्हणाली. "जन्मभर शिवण केलीय मी. उसवलेला टाका बोटाला कळतो."

लेव्हॉन खाली बसला. "मी खेळलोच नाही, आई. तुला सांगायचो तो फलंदाज, तो चेंडू, सगळं खोटं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या सोमवारपासून. सामन्यात कोण कोण खेळलं त्याची बारीक अक्षरांतली यादी पेपरात येते, औषधांच्या दुकानात बसून दोन्ही सामन्यांची वाचली मी, तिसरा तर पावसात गेला होता. तू नव्हतास. आणि मंगळवारी तू घरी येऊन मला सांगितलंस की एका फलंदाजाला बाद केलं. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तो फलंदाज जरा मोठा व्हायचा. शेवटी तर तो विश्वविजेता झाला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगायला बरं वाटत होतं. त्या साहेबाने शब्द दिला होता, त्यालाही बरं वाटावं म्हणून शेंगा धाडत राहिले." तिचं बोट अजून खळग्यातच होतं. "बरं वाटलं असेल का रे त्याला?"

लेव्हॉनला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी सांगू शकत नव्हते. मी आयुष्यात इतकी एकटी कधी नव्हते.

"लाव बोट," ती त्याला म्हणाली.

त्याचे हात पाठीमागे होते. खाली बसलेला असूनही पाठीमागेच होते, त्या शुक्रवारसारखे. त्याने डावा हात पुढे आणला आणि एकेचाळीस वर्षांनी माझ्यावरच्या आपल्या चांदणीला बोट लावलं.

"बघ, बाकीच्यांच्या बोटाला लागत नाहीत," म्हातारी म्हणाली. "तुझीच तेवढी लागते. चल, मला भूक लागली."

ते गेले. मी त्यांच्या गाडीत मावणारी नव्हते.

आता माझ्यावर विकल्याची चिठ्ठी आहे. उद्या कुणीतरी येईल, मला उपाहारगृहाच्या नाहीतर दिवाणखान्याच्या भिंतीवर लावील. बाई असो की बाप्या, जो कोण असेल त्याला हात जोडून एकच सांगणं आहे. मला पुसा, हवं तर नवा रंग द्या, २००४चं नाव सरळ करा. पण पंधराव्या ओळीतला तो खळगा बुजवू नका आणि त्यात सोनंही भरू नका. ओपलने तो तासभर बसून कोरलाय. आणि शक्य असेल तर मला जरा खाली टांगा, बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतकी.