शेवटच्या वळणाचा पंचनामा

एखादा माणूस वर्षानुवर्षं माझ्या प्रत्येक मताला आडवा जातो आणि अचानक एका सीझनभर माझीच री ओढायला लागतो, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकणारच. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ. शाळेची बस चालवतो, त्यामुळे अख्खी शाळा त्याला मामा म्हणते आणि आम्हीही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. सगळे जण लिफ्ट झकास चालली आहे म्हणत असताना कान लावून उभं राहायचं आणि कुठे काय घासतंय ते हुडकायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. बायको म्हणते, तुम्ही ते काम घरी आणता. आणतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आम्हाला मोटारींच्या रेसचा नाद आहे. आम्हाला म्हणजे मी, मामा आणि समोरच्या घरातला पडदेवाला. तो पडदे शिवतो, पण वाद घालायची खोड अशी दांडगी की आम्ही त्याला वकीलच म्हणतो. प्रत्येक रेसमधल्या भांडणाच्या प्रसंगाचा आम्ही पंचनामा करतो आणि सीझन संपला की एका रविवारी दुपारी मोठा पंचनामा. रेकॉर्डिंग लावायचं आणि आवाज बंद ठेवायचा, म्हणजे समालोचकाचं मत कानात शिरत नाही. पुन्हा पुन्हा बघायचं, मग एकेकाने निकाल द्यायचा. रिमोट माझ्याकडे. दुसऱ्या कोणाच्या हातात मला तो बघवत नाही.

या सीझनला निळी गाडी आणि पिवळी गाडी यांच्यात विजेतेपदाची झुंज होती आणि पहिल्यापासून कुठेतरी पाणी मुरत होतं. निळ्याच्या इंजिनीअरने त्याच संघातल्या दुसऱ्या ड्रायव्हरला गाडीतल्या रेडिओवर सांगितलं, "टोपी सरळ कर," आणि पुढच्याच फेरीत त्या जोडीदाराने गाडी बाजूला घेऊन निळ्याला वाट दिली. हेल्मेट घातलेल्या माणसाला टोपी कसली? वकील म्हणाला, हा योगायोग. पंचांनी हूं की चूं केलं नाही. मी म्हणालो, हे सांकेतिक बोलणं आहे. आणि मामा म्हणाला, "दाजी म्हणतात तेच बरोबर."

मी चमकलो. पुढच्या रेसला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. शेवटच्या रेसमध्ये तर शेवटच्या वळणावर निळी-पिवळी एकमेकांना घासल्या, पिवळी गरगरत खडीत गेली आणि निळा विजेता झाला. मी म्हणालो, निळ्याने मुद्दाम गाडी अंगावर घातली. मामा म्हणाला, "मुद्दामच."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण सुट्टी लागायच्या दिवशी मामाने शाळेच्या फाटकाला बसचा आरसा घासून फोडला. म्हणाला, पहारेकऱ्याने फाटक अर्धवट उघडलं होतं. माझी बायको त्याच बसमध्ये मदतनीस आहे, मुलांना चढवते-उतरवते. तीही म्हणाली, "मी शेजारीच होते. फाटकाचीच चूक." पण मी ते फाटक जाऊन बघितलं होतं. अर्धवट उघडलं असतं तरी त्यातून आमची लिफ्टसुद्धा आडवी गेली असती.

मला वाटलं, मामा प्यायला लागलाय. टीव्हीसमोर मान तिरकी करून बसतो, पंचनाम्यात बघत काहीच नाही आणि मी ओरडू नये म्हणून माझ्या होला हो करतो. उद्या शाळा उघडत होती. माझी मुलगी त्याच बसमध्ये बसणार होती, तिच्याबरोबर बसभर पोरं. माझा जीव टांगणीला लागला होता. खात्री करायची होती, ती आजच.

आमच्या घरात या वर्षी एकच गोष्ट चांगली घडली होती. बायकोलाही रेसचा नाद लागला होता. सोफ्याच्या हातावर, भावाला खेटून बसायची आणि त्याच्या कानाशी काहीबाही कुजबुजत राहायची. मला बरं वाटायचं.

त्या रविवारी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मामाने बहिणीला हाक मारली, "छकुली, ये ना. सुरू होतंय."

"तिला कशाला?" मी म्हणालो. "आता शेवटचं वळण बघू या."

आणि मी शेवटच्या वळणाऐवजी मागच्या सीझनची एक जुनी रेस लावली. धो धो पाऊस, लाल गाडीचं चाक निखळून एकटंच रस्त्यावरून पळतंय. निळं नाही, पिवळं नाही. वकील तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

"हं मामा, द्या निकाल."

मामा पडद्याकडे मान तिरकी करून बघत राहिला. "स्पष्टच आहे," तो म्हणाला. "पिवळा आतून येतोय आणि निळ्याने मुद्दाम गाडी अंगावर घातली."

वकील फिस्सकन हसला. मग त्याचं हसू तोंडातच राहिलं. मामाच्या तोंडाला कसलाही वास नव्हता, आवाजात जडपणा नव्हता. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ट्रे खाली ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "ही ती रेस नाहीये."

मामाने मान सरळ केली. म्हणाला, "मधोमध धुरकट गोळा दिसतो. कडेचं दिसतं. सीझन सुरू झाला तेव्हापासून."

"आणि बस?" मी विचारलं.

"मी शेजारी बसते," बायको म्हणाली. "सिग्नल, सायकल, रस्ता ओलांडणारी माणसं, सगळं सांगते. पोरांना वाटतं आम्ही गप्पा मारतो."

टीव्हीवरच्या रेडिओत मी वर्षभर चोरटं बोलणं शोधत होतो. ते माझ्या सोफ्याच्या हातावर चाललं होतं.

"आपली पोर मागे बसते!" मी ओरडलो. आणखीही बरंच ओरडलो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको रडली नाही. तिच्या भावाची नोकरी गेली असती, डॉक्टर गुण येईल म्हणाले होते, आज सांगू उद्या सांगू करता करता वर्ष गेलं, असं ती सांगत राहिली. मला त्यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. फाटकाच्या जागी एखादं पोर असतं तर, एवढंच डोक्यात घणाणत होतं.

मामाने खिशातून बसची किल्ली काढली. आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली, मग किल्ली ठेवली. तिथेच बसून त्याने शाळेत फोन केला. "उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा," तो म्हणाला. पलीकडून कारण विचारलं असावं. "डोळे," मामा म्हणाला आणि फोन ठेवला. वकील कपबशी घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच थांबला.

मग मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, आता एवढं सांगा. शेवटच्या वळणावर खरी चूक कोणाची होती? छकुली दरवेळी तुमचाच निकाल माझ्या कानात सांगायची. म्हणायची, घरात भांडण नको."

मी शेवटचं वळण लावलं. सोफ्याच्या हातावर, तिच्या जागी बसलो आणि जे दिसेल ते सांगायला लागलो. ज्याला दिसत नाही त्याला सांगताना मत सांगून भागत नाही. निळा बाहेरून, आपल्या रेषेत. पिवळा मागे. पिवळा आत घुसतोय. ब्रेक अजून मारला नाही. अजून नाही. आता मारला.

मी ते पुन्हा लावलं आणि पुन्हा बघितलं.

"पिवळ्याने उशिरा ब्रेक मारला," मी म्हणालो. "निळ्याला जायला जागाच नव्हती."

"म्हणजे निळ्याची चूक नव्हती?"

"नव्हती."

"हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," बायको दारातून म्हणाली. "मी सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकून घेतलं असतं?"

"नसतं," मी म्हणालो. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण रिमोट मी तिच्या हातात दिला.