मात्रेचं बोट

दीपालीचा वेग पाहून मी पहिल्याच दिवशी खूश झाले, आणि तिनं काय टाइप केलंय ते पाहून लगेच भडकले. आरमोरीत टायपिंगचा क्लास चालवते मी. पोरं महिनोन्‌महिने कीबोर्डात डोकं घालून एकेक अक्षर शोधत बसतात आणि ही बाई नजर पुस्तकावर ठेवून धडाधड बोटं चालवत होती. पण पुस्तकात 'मला' छापलेलं, तर हिचं 'मले'. 'तुला'चं 'तुले'. 'नाही'चं 'नाई'.

"दीपाली, छापलंय काय आणि तू ठोकतेस काय?"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "म्याडम, मले कधी दिसलंच नाई."

मग हळूहळू कळलं. तिचा नवरा हेमराज एका सरकारी कचेरीत लिपिक होता. तिथला बाद झालेला कीबोर्ड त्यानं घरी आणला. कॉम्प्युटर नव्हताच. संध्याकाळी तिला बटणं दिसू नयेत म्हणून तो तिच्या हातांवर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि मनाला येईल ते सांगायचा. 'मले भूक लागली.' 'तुले जमते, मले मालूम आहे.' ती टाइप करायची. समोर स्क्रीनच नाही, तर चूक दाखवणार कोण? दोघं नुसती हसत बसायची.

गेल्या वर्षी हेमराज तापानं गेला. त्याच्या जागी तिला घेणार होते, पण टायपिंगची परीक्षा पास झाली तरच. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मला वाईट वाटत होतं, पण परीक्षकाला थोडंच वाटणार होतं? काना मारायला मधलं बोट वरच्या ओळीत न्यावं लागतं. मात्रा मात्र करंगळीशेजारच्या बोटाखाली आयतीच असते. 'ल' आला की दीपालीचं ते बोट पडलंच म्हणून समजा.

"बांधून ठेवू का ते बोट?" मी खेकसायचे.

"डोये पुस्तकावरच रायतात म्याडम," ती खाली मान घालून म्हणायची. "पण कानात आमचे हेच सांगून रायतात."

मी काही ऐकलं नाही. मला, तुला, त्याला, नाही. पानंच्या पानं घोटून घेतली. चुका कमी झाल्या, मग थांबल्या, आणि दीपाली चांगल्या मार्कांनी पास झाली.

पेढे घेऊन आली त्या दिवशी पिशवीत हेमराजचा दुपट्टा होता. "एकदा बसू का म्याडम? आमच्या ह्यायचंच बोलणं लिहून पायतो. स्क्रीनवर कधी पायलंच नाई."

तिनं हातांवर दुपट्टा ओढला, डोळे मिटले आणि टाइप केलं. मी मागेच उभी होते, त्यामुळे तिच्याआधी मला दिसलं.

'तुला जमते, मला मालूम आहे.'

डोळे उघडून तिनं ते वाचलं. पुसलं. पुन्हा डोळे मिटून टाइप केलं. पुन्हा तेच. मग दुपट्टा बाजूला सारून तिनं दुसऱ्या हातानं ते बोट धरलं आणि मात्रेवर दाबून धरलं. स्क्रीनवर नुसत्याच मात्रा उमटत गेल्या. मला रडू आवरेना.

"म्याडम," ती म्हणाली, "आपण ह्यायलेबी सुधरवून टाकलं."